वह्या वाटणारे आणि संघटना बांधणारे : पालघरच्या संस्थांमध्ये ठरवतं कोण?

वसई : शाळा सुरू व्हायच्या सुमारास आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर मनोरहून विक्रमगड-जव्हारकडे वळणाऱ्या गाड्या वाढतात. डिकीत वह्या, चादरी, फराळाची पाकिटं, पुढच्या काचेला मंडळाचा बॅनर. वसई, नालासोपारा, विरारमधली मंडळं, सोसायट्या, माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप स्वतःच्या खिशातून वर्गणी काढून हे करतात. मन चांगलंच असतं. तरीही डांबरी रस्त्यालगतच्या पाड्याला दोन-दोनदा मिळतं आणि जिथे शेवटचे तीन किलोमीटर चालत जावं लागतं तिथे कुणी पोचत नाही. काय द्यायचं, कुठे द्यायचं, कोणत्या रविवारी द्यायचं हे सगळं गाडी निघण्याआधीच ठरलेलं असतं. पाड्यावरच्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं.

ही काही वह्या वाटणाऱ्यांचीच अडचण नाही. मोठ्या संस्था, कंपन्यांचा सीएसआर निधी, परदेशी देणगीवर चाललेले प्रकल्प, सगळीकडे मूळ प्रश्न एकच येतो. पैसा एकाचा, काम दुसऱ्यासाठी, मग ठरवणार कोण? आणि संस्थेचा प्रमुख नेमका कुणाला जबाबदार? देणाऱ्याला, की ज्याच्यासाठी संस्था काढली त्याला? पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, पण या प्रश्नाची उत्तरं इथल्या मातीत त्याच्या कितीतरी आधीपासून शोधली गेली आहेत. त्यातलं सर्वांत ठळक उत्तर वसई तालुक्यातच आहे, महामार्गाच्या पूर्वेला, उसगावच्या डोंगरीवर.

एका ठिकाणी दोन संस्था

विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये 'विधायक संसद' ही संस्था सुरू केली. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'श्रमजीवी संघटना' उभी राहिली. बाहेरच्या माणसाला ही दोन्ही नावं एकच वाटतात. माणसं तीच, परिसर तोच. पण त्यांची रचना वेगळी आहे आणि समजून घ्यायची गोष्ट तीच आहे.

विधायक संसद ही स्वयंसेवी संस्था. ती देणगी घेऊ शकते, शाळा चालवू शकते, प्रशिक्षण देऊ शकते. श्रमजीवी ही मजुरांची संघटना. तिथे माणूस लाभार्थी नसतो, सभासद असतो. पावती फाडतो, सभेला येतो, मोर्चाला चालतो आणि पुढाऱ्याला तोंडावर जाब विचारू शकतो. फरक कागदी वाटेल, पण कायद्यातच तो किती खोल आहे ते बघा. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यानुसार ग्रामीण मजुराची किमान वर्गणी वर्षाला १ रुपया ठरवलेली होती. चहाच्या कपाइतकीही नव्हती. पण तो रुपया भरला की माणूस मागणारा राहत नाही, संघटनेचा मालक होतो. याच कायद्यात आणखी एक अट होती. असंघटित क्षेत्रातल्या संघटनेचे किमान निम्मे पदाधिकारी त्या कामात प्रत्यक्ष राबणारे असले पाहिजेत. म्हणजे बाहेरून आलेला शिकलेला कार्यकर्ता पुढारी होऊ शकतो, पण सगळी खुर्ची त्याची होऊ शकत नाही.

न्यासाचं, म्हणजे ट्रस्टचं, तसं नाही. तिथे विश्वस्त ठरवतात. ज्या मुलांसाठी वसतिगृह आहे त्यांच्या आईबापांना मत नसतं.

लग्नगडी

दोन संस्था कशासाठी लागल्या, हे कळायला त्या काळातली वेठबिगारी समजून घ्यावी लागते. वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबातल्या तरुणानं लग्नासाठी शेठ-सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याच शेतावर, त्याच्याच घरी राबायचं. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. हिशेब मालकाच्या वहीत. मजुरी म्हणून भात, तोही मालक मापेल तेवढा. पावसाळ्यात खावटी घेतली की वहीतला आकडा आणखी फुगायचा. गोदावरी परुळेकरांनी १९४५ च्या वारली उठावात याच लग्नगड्यांच्या मुक्तीचा प्रश्न हातात घेतला होता. तीन दशकं उलटून गेली तरी तो पुरता संपलेला नव्हता.

केंद्र सरकारने १९७६ मध्ये वेठबिगार पद्धती रद्द करणारा कायदा केला. तो चांगला कडक आहे. वेठीचं कर्ज आपोआप रद्द होतं. मजुरानं 'हे वेठबिगारीचं कर्ज आहे' असं म्हटलं, तर तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर येते. मुक्तता आणि पुनर्वसन ही जिल्हा दंडाधिकाऱ्यांची जबाबदारी. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एशियाड बांधकाम मजुरांच्या प्रकरणात आणखी पुढे जाऊन सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे.

पण कायदा कागदावर होता आणि मजूर पाड्यावर. ज्याचा अख्खा दिवस मालकाच्या ताब्यात आहे, त्याला दवाखाना, शिवणवर्ग, प्रौढशिक्षण यांचा काय उपयोग? तो वर्गाला येणार कधी? देणगीतून चालणाऱ्या कामाची हद्द इथे संपते. तहसीलदाराकडे अर्ज देऊन 'मी वेठबिगार आहे' असं स्वतःच्या तोंडानं सांगायला शेजारी दहा माणसं उभी लागतात, आणि उद्या मालकानं काम बंद केलं, पाण्याची वाट अडवली, तर पुढचे महिने तग धरायला संघटना लागते. चादर वाटून हे होत नाही.

वसई तालुक्यातल्या दहिसर गावापासून हे काम सुरू झालं आणि पुढे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात पसरलं. १९९९ मध्ये लंडनच्या 'अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल' या संस्थेनं पंडित दांपत्याला आपला पुरस्कार दिला. जगातल्या सर्वांत जुन्या मानवी हक्क संघटनांपैकी ती एक. तिची मुळं १८३९ सालापर्यंत जातात. मुंबईपासून लोकलनं तासाभरावर असलेल्या तालुक्यात गुलामी विरोधातलं काम झालं आणि त्याची दखल लंडननं घेतली, हे वसईत अजूनही अनेकांना ठाऊक नसतं.

अर्थात, संघटना म्हणजे सगळं सुरळीत असंही नाही. संस्थापकाचं नाव मोठं झालं की संघटना त्या नावानं ओळखली जाते. विवेक पंडित २००९ मध्ये वसईतून अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून गेले, २०१४ ला हरले. पुढे राज्याच्या आदिवासी क्षेत्र आढावा समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. मोर्चा काढणाऱ्यानं सभागृहात किंवा सरकारी समितीत बसावं का, यावर वसईत दोन मतं आहेत. एक बाजू म्हणते, त्याशिवाय फायली हलत नाहीत. दुसरी म्हणते, सरकारच्या जवळ गेलं की जाब विचारताना आवाज खाली येतो. दोन्हींत तथ्य आहे. मात्र असा वाद निदान उघडपणे होतो, कारण सभासद आहेत, मतदार आहेत. एखाद्या घरगुती ट्रस्टमध्ये नवरा अध्यक्ष, बायको सचिव, मेव्हणा खजिनदार असतो. तिथे वाद घालायला बाहेरचं माणूसच नसतं.

भोंग्यातली शाळा

देणगीची संस्था आणि वर्गणीची संघटना एकमेकींना कशा उपयोगी पडतात, याचं उत्तम उदाहरण म्हणजे भोंगा शाळा. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडमधली कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. मालकाकडून आधी उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत, म्हणजे पावसाच्या तोंडापर्यंत, मुक्काम भट्टीवर. कच्च्या विटा रचून, वर पेंढा-ताडपत्री टाकून केलेल्या खोपटाला 'भोंगा' म्हणतात. मुलं आईबापांबरोबर येतात आणि गावच्या शाळेच्या हजेरीपटावर नुसतं नाव राहतं.

विधायक संसदेनं १९९० च्या दशकात भट्टीवरच, तसल्याच भोंग्यात, शाळा भरवायला सुरुवात केली. शाळेला इमारत नाही म्हणून थांबायचं नाही, मूल जिथे आहे तिथे शाळा न्यायची. शिक्षकाचं मानधन, पाटी-पेन्सिल यासाठी संस्थेचा पैसा कामाला येतो. पण मालकाच्या जागेवर शाळा उभी राहू देण्यासाठी जो दबाव लागतो तो संघटनेचा. एकटी देणगी भट्टीच्या फाटकातच अडली असती.

कोसबाडची टेकडी : खुर्ची सोडण्याची गोष्ट

मूल आहे तिथे शाळा न्यायची, ही कल्पना जिल्ह्याला नवी नव्हती. डहाणू तालुक्यात ती आधीच घडून गेली होती. त्या कथेत नेतृत्वाचा दुसरा धडा आहे. संस्थापक गेल्यावर काय?

बोर्डीला शिक्षणाची पार्श्वभूमी जुनी. १९२० मध्ये तिथे गोखले एज्युकेशन सोसायटीचं हायस्कूल निघालं, त्याला पारशी घराण्यातल्या सुनाबाई पेस्तनजी हकीमजी यांचं नाव आहे. पाटीवर नाव सुनाबाईंचं, पण बोर्डीच्या जुन्या माणसाला विचारा, तो आचार्य भिसे यांच्याबद्दल सांगत बसेल. दात्याचा पैसा आणि शिक्षकाचं आयुष्य, दोन्ही लागलं, तेव्हा शाळा झाली.

त्याच बोर्डीत ताराबाई मोडक १९४५ मध्ये आल्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचं प्रमुखपद सोडून गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या, १९२६ पासून नूतन बालशिक्षण संघ चालवणाऱ्या. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. बालविधवा, पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिकेची पक्की नोकरी करत असलेल्या. ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतली आणि पाड्यावरची मुलं तिथे येईनात. तेव्हा ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीत नेली, एखाद्या घरापुढच्या अंगणात. तिला नाव पडलं अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरली, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. आज मोखाड्याच्या शेवटच्या पाड्यावरही तो ऐकू येतो.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्या वेळी अनुताईंना बोर्डी-कोसबाडला अठ्ठावीस वर्षांचा अनुभव होता. हिशेब त्यांनी पाहिलेले, पाड्यावरची माणसं त्यांच्या ओळखीची, मुलांची भाषा त्यांनी आत्मसात केलेली. संस्था पोरकी झाली नाही. १९९२ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, अनुताई तिथेच राहिल्या. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं १९६२ ला, अनुताईंना पद्मश्री १९८५ ला. एकाच संस्थेतल्या दोन पिढ्यांना स्वतंत्रपणे मान मिळावा, हे विरळाच. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या फळीतला माणूस आयुष्यभर 'ताईंचा कार्यकर्ता' म्हणूनच ओळखला जातो आणि कंटाळून कधीतरी बाहेर पडून स्वतःची वेगळी संस्था काढतो.

इथे एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्या क्रमांकावर राहणं हेही नेतृत्वच आहे, आणि ते करायला लावणं पहिल्या क्रमांकाच्या माणसाला जमावं लागतं. घरातल्या मुलाला किंवा सुनेला विश्वस्त करणं त्यापेक्षा फार सोपं.

दान न मागणारी वसई

वसईच्या किनारपट्टीवर तिसरीच वाट निघाली. १९१८ मध्ये मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानं कॅथलिक शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था सुरू झाली, तीच आजची बसीन कॅथलिक बँक. केळी-भाजीपाल्याच्या वाड्या सावकाराकडे गहाण पडत होत्या. धर्मगुरूनं मदतनिधी उभारता आला असता, पण उभी राहिली ती भागभांडवलाची संस्था. कर्ज घेणारा भागधारकही होता, त्यामुळे त्याच्या मानेवर उपकाराचं ओझं नव्हतं. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीनं पाणी आणि हिरवा पट्टा यांसाठी लढा दिला. तोही गावागावातल्या लोकांच्या जोरावर. २०२४ मध्ये फादर गेले. त्या लढ्यातली माणसं आता पिकल्या केसांची झाली आहेत, आणि त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न वसईत उघड्यावर आहे.

आजचा पैसा, आजच्या अटी

गेल्या दहा-बारा वर्षांत देणगीचं गणितच बदललं. १ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू झालं. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं काहीही एक असलं की कंपनीनं गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य, असंही कायदा म्हणतो. त्यामुळे कारखाना जिथे, तिथे पैसा वळण्याची शक्यता जास्त. तारापूरची औद्योगिक वसाहत बोईसरला आहे, मोखाड्यात नाही.

दुसरी अडचण अशी की हा पैसा प्रकल्पाला मिळतो, माणसाला नाही. स्मार्ट टीव्ही, बेंच, पाण्याची टाकी, फीत कापता येईल असं काहीतरी. पाड्यावर दहा वर्षं टिकणाऱ्या कार्यकर्तीचा पगार कुणाच्या अहवालात शोभून दिसत नाही. मार्च उजाडला की खर्च संपवायची घाई, एप्रिलमध्ये नवा प्रस्ताव. बोर्डी-कोसबाडसारखी अठ्ठावीस वर्षांची तालीम अशा बजेटमध्ये बसणार कशी?

परदेशी देणगीचीही दारं अरुंद झाली. २०२० च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. एका संस्थेनं परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी झाली. आधी मुंबईतली मोठी संस्था निधी आणायची आणि त्यातला वाटा जव्हारच्या छोट्या संस्थेला द्यायची. तो मार्ग बंद. आता छोट्या संस्थेनं स्वतः नोंदणी काढायची, दिल्लीच्या स्टेट बँक शाखेत खातं उघडायचं, ऑनलाइन विवरणपत्रं भरायची. इंग्रजीत फॉर्म भरणारा माणूस ज्याच्याकडे, पैसा त्याच्याकडे. पाड्यावरून उभं राहिलेलं नेतृत्व इथे मागे पडतं, त्याची लायकी कमी म्हणून नव्हे.

आपल्या गावच्या संस्थेचं काय?

संस्था तपासायची तर सामान्य माणसाच्या हातातही साधनं आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा १९५० सालचा. विश्वस्त बदलला, कुणी वारला, नवा घेतला, तर कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात 'बदल अर्ज' द्यावा लागतो. कित्येक संस्थांत पंधरा-पंधरा वर्षं मृत माणसं विश्वस्त म्हणून नोंदीत असतात. पुढे भांडण लागलं की याच जुन्या नोंदींवर तारखा पडत राहतात, आणि मधल्या काळात शाळेच्या, वसतिगृहाच्या कारभारावर सही कुणाची, हेच ठरत नाही.

वसई-विरारमध्ये तर आणखी एक कलम डोळ्यांसमोर ठेवायला हवं, ते म्हणजे ३६. सार्वजनिक न्यासाची जमीन विकायची, किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शंभर वर्षांपूर्वी कुणी शाळेसाठी, धर्मशाळेसाठी, विहिरीसाठी दिलेली जमीन आज कोट्यवधींची झाली आहे. देणारा गेला, त्याची मुलं-नातवंडं परगावी, आणि ठरवणारे चार विश्वस्त. कुणालाही खबर न लागता ठराव होऊ शकतो. अशा वेळी न्यासात ज्याचा हितसंबंध आहे तो माणूस, मग तो लाभार्थीही असू शकतो, धर्मादाय कार्यालयात हरकत नोंदवू शकतो.

न्यासाची नोंद धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट १ वर असते. तिथे विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता लिहिलेली असते. नक्कल मागायला अर्ज करावा लागतो, ठरलेली फी भरावी लागते. पुढच्या दिवाळीत जव्हारला निघायच्या आधी मंडळानं हा कागद मागवला, ग्रामसभेची तारीख विचारून त्या दिवशी नुसतं ऐकायला गेलं, तर गाडीत काय भरायचं हे पाड्यावरच कळेल.